वाचकांचे प्रश्न : कलादालनातील वारली चित्रे आणि बोहाड्याचे मुखवटे

प्रश्न : आमच्या कला मंडळाने नाशिकमधील एका लहान कलादालनात येत्या चैत्रात वारली चित्रांचे आणि बोहाड्याच्या (मुखवटे घालून देवादिकांची सोंगे नाचवण्याच्या गावच्या उत्सवाच्या) मुखवट्यांचे प्रदर्शन भरवण्याचे ठरवले आहे. मागील खेपेस पेठ-सुरगाण्याकडून कलाकार आले, त्यांनी प्रात्यक्षिक दाखवले आणि ते परत गेले. विक्री बरी झाली. तरी त्यांचा सहभाग नावापुरताच राहिला, असे आमच्यापैकी काहींना वाटते. या वेळी वेगळे काय करावे?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : आपण तारीख आधी ठरवली आणि माणसांना नंतर विचारणार आहात, अडचण इथेच सुरू होते. होळीनंतर वैशाखापर्यंत पेठ, सुरगाणा, हरसूल, मोखाडा आणि जव्हार या पट्ट्यात बोहाड्याचा हंगाम असतो. आपल्याला भिंतीवर हवा असलेला मुखवटा त्या दिवसांत संबळाच्या तालावर गावात नाचत असतो, आणि तो घालणारा माणूसही तिथेच हवा असतो. आषाढ-श्रावणात भाताची आवणी (रोपांची लावणी), दिवाळीच्या आसपास कापणी, आणि त्यानंतर अनेक कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला उतरतात. पौष-माघ त्यातल्या त्यात सोयीचा वाटतो. तरीही पाड्यावर जाऊन, चार घरी बसून, त्यांनी सांगितलेली तारीख मान्य करणे हेच बरे. उद्घाटनाला मंत्री मिळतो की नाही, हा विचार त्यानंतरचा.

मुखवट्यांबाबत आणखी एक काळजी घ्यावी. अनेक गावांत ठरावीक सोंग ठरावीक घराण्याकडे चालत आलेले असते आणि काही मुखवट्यांची पूजा होते. असा मुखवटा मागूच नये. प्रदर्शनासाठी कागदाच्या लगद्याचा नवा मुखवटा करून घ्यावा, त्याची पूर्ण मजुरी द्यावी, आणि कोणते सोंग शहरात दाखवायचे व कोणते नाही, हे गावानेच सांगावे. त्यांनी एखाद्या सोंगाला नकार दिला, तर त्याची जागा रिकामी राहिली तरी चालेल.

चित्रांचे बोलायचे तर वारल्यांच्या घरी लग्नाचा चौक, म्हणजे लग्नविधीचे चौकोनी भिंतीचित्र, लिहिण्याचा मान सवाष्णींचा असतो. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने पालघट देवीचा चौक लिहिला जातो आणि धवलेरी, म्हणजे लग्नविधी करणारी स्त्री, लग्नाची गाणी म्हणते. सत्तरच्या दशकात डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी हे चित्र विधीबाहेर काढून कागदावर आणि कापडावर नेले. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे ऋण मोठेच आहे. मात्र तेव्हापासून कलादालनांच्या भिंतींवर पुरुषांचीच नावे अधिक दिसू लागली, हेही खरे. म्हणून चित्रे निवडण्याच्या बैठकीत आपल्या दोन सदस्यांसमोर गावातील किमान दोन जाणत्या स्त्रिया असाव्यात, आणि मतभेद झाल्यास त्यांचे मत अंतिम मानावे. शहरी निवडकर्त्यांना तारपानृत्याचे (तारपा या फुंकवाद्याभोवतीच्या नाचाचे) वर्तुळ फार आवडते. या स्त्रिया मात्र चौकाच्या कडेच्या नक्षीकडे बोट दाखवतील आणि रेघ कुठे चुकली आहे ते सांगतील. असे ऐकायला मिळणे हाच प्रदर्शनाचा खरा लाभ होय.

प्रात्यक्षिक ठेवू नये, असे मी म्हणणार नाही. टोक ठेचून कुंचल्यासारखी केलेली बांबूची काडी पिठात बुडते आणि एका दमात त्रिकोणाचे अंग उमटते, हे पाहण्यासारखेच असते. पण कलाकाराला दिवसभर कोपऱ्यातील टेबलापाशी बसवून लोकांनी त्याच्यासोबत छायाचित्रे काढायची, याला सहभाग म्हणत नाहीत. त्याने वेळ ठरवावी, त्या वेळेतच काम करावे आणि उरलेल्या वेळी पाहुण्यांसारखे दालनात फिरावे. एसटीचे भाडे, जेवण, मुक्काम आणि बुडालेली रोजंदारी हा खर्च विक्रीवर अवलंबून ठेवू नये. चित्र विकले गेले नाही तरी तो मंडळानेच द्यावा. चौकटीचा खर्च कोणाचा आणि विक्रीतून दालन किती टक्के घेणार, हे आधीच मराठीत लिहून, वाचून दाखवून, मग सही घ्यावी. चित्राखालच्या पट्टीवर नुसते ‘आदिवासी कलाकार’ असे लिहिणे तर कटाक्षाने टाळावे. पूर्ण नाव, पाडा, तालुका आणि चित्रातला प्रसंग कलाकाराच्याच शब्दांत द्यावा.

प्रश्न : अशाच एका प्रदर्शनात मी वारली चित्र विकत घेतले. ते मुलीच्या लग्नपत्रिकेवर छापले तर चालेल का?
– एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : विचारल्याशिवाय नाही. आपण चित्राचा कागद विकत घेतला आहे, ते छापण्याचा हक्क नव्हे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार कलाकाराने लेखी दिल्याशिवाय तो हक्क त्याच्याकडेच राहतो. वारली चित्रांना 2014 मध्ये भौगोलिक मानांकन (विशिष्ट भागातील कलेच्या नावाला मिळणारे कायदेशीर संरक्षण) मिळाले आहे, पण ती बाब वेगळी. त्यामुळे एका कलाकाराच्या चित्रावरील त्याचा स्वतःचा हक्क कमी होत नाही. तारपा, मोर, ताडाचे झाड हे सगळ्यांचेच आहे. आपल्या भिंतीवरील विशिष्ट मांडणी मात्र त्या एकाची. दालनाकडे त्याचा फोन क्रमांक असेल. लग्नपत्रिकेसाठी नवे चित्रच काढून मागितलेत तर अधिक चांगले; छापण्याची परवानगी आणि मानधन एकाच कागदावर लिहून घ्यावे, आणि पत्रिकेच्या मागील बाजूस नाव छापण्याआधी ते कसे लिहायचे हे त्यालाच विचारावे.