लाईन गेली म्हणजे नेमके काय गेले?

प्रश्न : माझी मुलगी दहावीत शिकते. इंग्रजीच्या निबंधात तिने ‘द लाईन इज गॉन सिन्स मॉर्निंग’ असे लिहिले, तेव्हा सरांनी ‘लाईन’ या शब्दाखाली लाल रेघ ओढून गुण कापले. आमच्या गावात वीज गेली असे कोणी म्हणत नाही, लाईन गेली असेच म्हणतात. शब्द मूळचा इंग्रजी असताना तो इंग्रजीतच चुकीचा कसा ठरतो?
– एक शेतकरी वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : सरांनी ओढलेल्या त्या लाल रेघेलाही इंग्रजीत लाईनच म्हणतात, तरीही त्यांनी गुण कापले ते योग्यच केले. इंग्रजी ही ज्याची मातृभाषा आहे, त्याने हे वाक्य ऐकले तर दूरध्वनीवरचे बोलणे तुटले किंवा खांबावरची तारच कोणी काढून नेली, असा त्याचा समज होईल. घरातील दिवे विझले, पंखा थांबला आणि विहिरीवरची मोटार बंद पडली, हे काही त्याच्या ध्यानात येणार नाही.

या शब्दाचे मूळ आपल्या रब्बीच्या पिकात आहे, हे वाचून आपल्याला गंमत वाटेल. लॅटिन भाषेत जवसाला लीनुम आणि जवसाच्या धाग्याला लीनेआ म्हणत. लिनन हे कापडाचे नाव आणि लाईन हा शब्द, दोन्ही तिथलेच. आपल्याकडे जवस पेरतात ते तेलासाठी आणि चटणीसाठी, परंतु युरोपात त्याच्या खोडातून निघणारा चिवट धागा कापडाला आणि दोरीला वापरला जात असे. ताणलेला धागा सरळ असतो, म्हणून पुढे सरळ आखलेल्या कोणत्याही रेषेला तोच शब्द चिकटला. गवंडी भिंत बांधताना सूत धरतो आणि सरळ माणसाला आपण सुतासारखा सरळ म्हणतो, तोच हा प्रकार.

पुढे मात्र दोन्ही भाषांच्या वाटा वेगळ्या होतात. पेन्सिलीने ओढली ती रेघ, भूमितीतली आणि तळहातावरची ती रेषा, वहीत लिहिली ती ओळ, माणसांची ती रांग, जेवायला बसलेल्यांची ती पंगत आणि कपाशीचे ते तास, अशी मराठीने प्रत्येकाची सोय वेगळी लावली आहे. यांतील बहुतेक कामे इंग्रजी एकट्या लाइनीकडून करून घेते. वंशालाही ती लाईन म्हणते : नागपूरकर भोसल्यांपैकी तिसरे रघुजी १८५३ मध्ये निपुत्रिक वारले, ही घटना इंग्रजीत लाईन संपली अशा शब्दांत सांगता येते. रेशनच्या दुकानासमोरची रांग अमेरिकन माणसासाठी लाईन असते, इंग्लंडचा माणूस तिला क्यू म्हणतो. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील आणि ठिकठिकाणच्या पोलीस लाइनीतील लाईन लष्करी छावणीतून आली आहे, कारण तेथे तंबू आणि बराकी रांगेने असत. आपल्या दारव्ह्यावरून जाणाऱ्या शकुंतला रेल्वेच्या अडीच फुटी रुळांना लाईन म्हणणे मात्र दोन्ही भाषांत बिनचूक आहे, मग तीवरून गाडी धावो अथवा न धावो.

आता विजेविषयी. इंग्रजीत विजेची लाईन म्हणजे तार, आणि ती सांभाळणारा तो लाइनमन. आपल्या लोकांनी तारेचे नाव तारेतून येणाऱ्या विजेलाच देऊन टाकले. यात अडाणीपणा नाही. सकाळी ‘नळ आले’ असे आपण म्हणतो, तेव्हा नळ कोठून चालत येत नाहीत, येते ते पाणी, आणि तरीही ऐकणारी बाई निमूटपणे घागर घेऊन उठते. विदर्भातील शेतकरी याहूनही एक पाऊल पुढे गेला आहे. ‘या आठवड्यात आपली रात्रीची लाईन आहे’ असे तो म्हणतो, तेव्हा लाईन हा शब्द तारेचाही राहिलेला नसतो आणि विजेचाही. कृषिपंपाला थ्री फेज पुरवठा मिळण्याची जी पाळी ठरलेली असते, तिचेच ते नाव होऊन बसते. थंडीत मध्यरात्री हरभऱ्याला ओलीत करायला जाणाऱ्या माणसाला हा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही. इंग्रजी कोशांत तो सापडणार नाही, कारण तो आपल्याच मळ्यात उगवलेला आहे आणि म्हणूनच, माझ्या मते, हा शब्द आता मराठी मानायला हरकत नसावी. ‘लाईन मारणे’ हा प्रयोगही असाच अस्सल देशी आहे, परंतु दहावीच्या निबंधात त्याचा प्रसंग येऊ नये.

आपल्या मुलीने ‘देअर हॅज बीन नो पॉवर सिन्स मॉर्निंग’ असे लिहावे. ‘सिन्स’ आले की क्रियापदाचे रूपही बदलते आणि ‘इज गॉन’ तेथे बसत नाही. सरांनी केवळ लाइनीखालीच रेघ ओढली असेल, तर ही दुसरी चूक त्यांच्या नजरेतून सुटली असे म्हणावे लागेल. मराठीच्या निबंधात मात्र तिने ‘सकाळपासून लाईन नव्हती’ असे बेलाशक लिहावे, विशेषतः गावातील माणसाच्या तोंडी वाक्य असेल तर.

प्रश्न : लाइन लिहावे की लाईन?
– एक वाचक, ता. मूर्तिजापूर

उत्तर : दोन्ही रूपे छापलेली आढळतात. मराठीत अकारान्त शब्दातील शेवटून दुसरा इकार दीर्घ लिहितात, जसे गरीब. त्या न्यायाने लाईन. सामान्यरूपात मात्र तो ऱ्हस्व होतो, गरिबाला म्हणतो तसे लाइनीत. ‘लाइनमन’मध्ये हा इकार शेवटून दुसरा राहत नाही, म्हणून तेथेही ऱ्हस्वच.