हमीपत्र घेण्याआधी तो आदेश लेखी मागा

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. तुमच्या वसतिगृहात एका मुलाच्या स्टेटसवरून आरक्षणाचा मराठा-ओबीसी वाद पेटला, मेसमध्ये टेबलं वेगळी झाली, आणि आता प्राचार्य म्हणतात की प्रत्येकाकडून ‘कुठल्याही आंदोलनात भाग घेणार नाही’ असं हमीपत्र घ्या. २०२३ च्या सप्टेंबरात जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला, त्यानंतर आमच्याकडे हेच सगळं घडलं. मी तेव्हा मराठवाड्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयाच्या वसतिगृहाचा रेक्टर होतो. समिती, सूचना फलक, पालकांना फोन हे तुम्ही केलंच असेल, त्यावर वेळ घालवत नाही. हमीपत्राबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण आमचं सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच केलं.

वरच्या एका कार्यालयातून (नाव घेत नाही) फोन आला. हमीपत्रं घ्या आणि सोबत नाव, गाव, जात, पालकांचा नंबर अशी यादी संध्याकाळपर्यंत मेल करा. लेखी पत्र द्या म्हटलं तर ‘त्याला वेळ नाही’. यादी कशाला हवी, पुढे कुणाकडे जाणार, यावर काहीच उत्तर नाही. माझा विरोध होता, पण प्राचार्यांवर दबाव होता आणि यादी गेली.

आपल्याकडची निम्मी मुलं पोलीस भरतीची तयारी करतात, हे त्या कार्यालयाला माहीत नसेल असं मला वाटत नाही. रात्रीतून वसतिगृहात पसरलं की यादीतल्यांवर गुन्हे दाखल होणार आणि उद्या चारित्र्य पडताळणीत अडकणार. जी मुलं व्हरांड्यात तावातावाने भांडत होती, ती आता एकमेकांना बघून दार लावून घ्यायला लागली. कार्यालयाच्या लेखी ही शांतता होती! ऊसतोड कामगाराचा एक हुशार मुलगा बॅग भरून गावी गेला. त्याचा परीक्षा फॉर्म राहिला. विलंब शुल्क भरून तो घ्यावा म्हणून आम्ही त्याच कार्यालयात गेलो, तर समोरून उत्तर आलं, ‘यादी मागवल्याचा आमचा कुठलाही आदेश नाही.’ पोराचं वर्ष गेलं. आजही आठवलं की संताप होतो.

म्हणून आदेश लेखी मागा. लेखी मागितलं की अर्धे आदेश आपोआप विरतात. जातीचा रकाना कुठल्याही परिस्थितीत भरू नका. कागद घ्यावाच लागला तर मारहाण, धमकी, तोडफोड करणार नाही एवढ्यापुरताच घ्या. मी वकील नाही, पण शांततेने जमण्याचा हक्क घटनेच्या कलम १९ मध्ये आहे. वसतिगृहाच्या प्रवेशाच्या बदल्यात तो सोडायला लावणं मला तरी पटत नाही. कुणाला खरंच धमकी आली असेल, तर तिथे संवाद वगैरे बाजूला ठेवून सरळ पोलिसांकडे जा.

तुम्ही वादविवाद सभा घ्यायची म्हणताय. माझं स्पष्ट मत, आत्ता नको. माइक आणि टाळ्या आल्या की मुलं गावच्या पुढाऱ्याचं भाषण करतात. आमच्याकडे उपयोग झाला तो एकत्र वाचण्याचा. रविवारी मेसचं जेवण उरकल्यावर वेगवेगळ्या खोल्यांतली सहा-सात मुलं आणि मधे एकच कागद. सर्वोच्च न्यायालयाचा १९९२ चा इंद्रा साहनी निकाल आणि त्यातली आरक्षणाची ५० टक्क्यांची मर्यादा. २०१८ च्या कायद्याचं १६ टक्के मराठा आरक्षण, उच्च न्यायालयाने ते शिक्षणात १२ आणि नोकरीत १३ वर आणलं, मग ५ मे २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच रद्द केला. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये १० टक्क्यांचा नवा कायदा आला, तोही वाचला. काही ओबीसी मुलांना वाटत होतं की हे १० टक्के त्यांच्या वाट्यातून जाणार. तसं नाही, तो प्रवर्ग वेगळा आहे. उलट मराठा मुलं म्हणत होती की ओबीसींची भीती खोटी आहे. पण कुणबी प्रमाणपत्र मिळालं की माणूस ओबीसी कोट्यातच येतो, म्हणजे ती भीती हवेतली नाही. हे कागदावर दिसल्यावर आवाज खाली आले. मतं बदलली नाहीत, आणि ती बदलावीत ही अपेक्षाही ठेवू नका.

कुणबी प्रमाणपत्रासाठी ज्या जुन्या महसुली नोंदी शोधतात, त्यांच्या झेरॉक्स एकदा ओळखीच्या एका मोडी वाचकाने आणल्या. निजामाच्या काळातली काही पानं उर्दूत होती. या सगळ्या वादात ज्याला कुणी विचारलंच नव्हतं, तो एक मुस्लिम मुलगा बोट ठेवून ओळ न् ओळ वाचायला लागला आणि दोन्ही गटांतली डोकी त्या एका पानावर वाकली. दलित, मुस्लिम, भटक्या समाजातली मुलं अशा वेळी गप्प राहून सगळ्यांना सांभाळत असतात. बैठकीला त्यांना मुद्दाम बोलवा.

बारीकसारीक दोन गोष्टी. खोल्यांच्या दारावरच्या याद्या पहिल्या नावाने लावा. बीड पोलिसांनी २०२५ मध्ये नावाच्या पाट्यांवरून आडनावं काढली, मग आपल्याला काय अवघड आहे? आणि इंटरनेट बंद पडेल हे धरून चाला. २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीस बीडमध्ये ते बंद होतं, एसटीही थांबली होती. ऑनलाइन फॉर्मच्या तारखा भिंतीवर लिहून ठेवा, मेसवाल्याला थोडी रोकड आधी द्या.

सगळ्यात तातडीचं शेवटी लिहितोय, ते आधी करा. आरक्षणासाठी जीव दिलेल्या तरुणांच्या बातम्या मुलं रोज बघतात. कुणाच्या स्टेटसला तसलं काही दिसलं तर त्याला एकटं सोडू नका. रूममेटला जवळ बसवा, स्वतः जा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लावून द्या. तेव्हा तो कुठल्या गटाचा हे कुणीही काढायचं नाही.

माझा अनुभव तालुक्याच्या छोट्या वसतिगृहाचा आहे, पुण्या-मुंबईच्या विद्यापीठात चित्र वेगळं असू शकतं. हमीपत्राचा मसुदा हातात आला असेल तर नावं झाकून इथे टाका. कुठली वाक्यं काढायला सांगायची ते ओळीनिशी बघू.