चिप ‘गरम करून’ घ्यावी का?

प्रश्न : माझ्या सहा वर्षांच्या लॅपटॉपवर उभ्या रेघा उमटतात आणि गेम सुरू करताच तो बंद पडतो. कारागीर ग्राफिक्स चिप गरम करून देतो म्हणतो. दुरुस्ती करावी का?

उत्तर : आधी बाहेरचा मॉनिटर जोडून पाहा. तिथे रेघा नसतील, तर दोष बहुधा पडद्यात किंवा त्याच्या केबलमध्ये आहे आणि ते काम तुलनेने किरकोळ असते. तिथेही दिसल्या, तर संशय चिपवर जातो. ही चिप बहुतेक लॅपटॉपमध्ये मदरबोर्डलाच सोल्डरच्या (डाख देण्याच्या धातूच्या) शेकडो बारीक गोळ्यांनी जोडलेली असते. चिप गरम करण्यामागे हे गोळे वितळून सुटलेले सांधे पुन्हा जुळावेत, अशी कल्पना असते; शिसेविरहित सोल्डर वितळायला सुमारे २१७ अंश सेल्सिअस लागतात. मात्र बिघाड पुष्कळदा चिपच्या आतल्या सांध्यांत असल्याने, गरम केलेली चिप थोडे दिवस चालून पुन्हा दगा देते. याला दुरुस्ती म्हणायला मी तयार नाही. नवी चिप बसवून लेखी हमी मिळत असेल आणि खर्च तशाच वापरलेल्या लॅपटॉपच्या किमतीच्या निम्म्याच्या आत असेल, तरच विचार करावा. प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स असेल आणि बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) सोय असेल, तर स्वतंत्र चिप बंद करून लेखन-वाचनापुरता लॅपटॉप वापरता येईल. गेम मात्र विसरावे लागतील. काहीही ठरवा, फाइलींची प्रत आजच काढून ठेवा.