एलईडीचा रेझिस्टर का तापतो?

प्रश्न : स्कूटरच्या १२ व्होल्ट बॅटरीवर ५ मिमीचा पांढरा एलईडी ४७० ओहम, पाव वॉटचा रेझिस्टर (प्रवाह मर्यादित ठेवणारा भाग) लावून जोडला. इंजिन चालू असताना रेझिस्टरला हात लावला की चटका बसतो. असं का?

उत्तर : हिशेब १२ व्होल्टवर झालाय. चार्जिंग सुरू असताना बॅटरीवर सुमारे १४.४ व्होल्ट असतात. त्यातले ३.२ व्होल्ट एलईडीवर पडतात, उरलेले ११.२ रेझिस्टरवर. ११.२ भागिले ४७०, म्हणजे जवळपास २४ मिलिअँपिअर, उष्णता ०.२७ वॉट. पाव वॉटची मर्यादा ओलांडली, आणि अशा एलईडीला २० मिलिअँपिअर पुरेत. ६८० ओहम, अर्ध्या वॉटचा रेझिस्टर लावा : साडेसोळा मिलिअँपिअर, ०.१८ वॉट. उजेड किंचितच कमी होईल. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाजवळ १ अँपिअरचा फ्यूज मात्र हवाच. रेझिस्टरच्या आधीच तार घासून चासीला (गाडीच्या धातूच्या सांगाड्याला) टेकली, तर प्रवाह अडवायला दुसरं काहीच नसतं.