तिरपं ऊन आणि जांभ्याची भोकं

मागच्या अंकात मी जांभ्या दगडात कोरलेल्या कुर्लीचा, म्हणजे खेकड्याचा, फोटो छापून आला आणि प्रश्नांचा ढीग लागला. मी अजून शिकतेच आहे, देवगडच्या बाजूला घराच्या पडवीत काम करते, तेव्हा तज्ज्ञाचा सल्ला वगैरे समजू नका. जमेल तेवढं लिहिते.

जांभा म्हणजे गडग्याचा, कुंपणाच्या भिंतीचा दगड. त्यात कोण शिल्प करतं? काळा पाषाण का नाही घेत? (एक वाचक, चिपळूण)

काका, खरं कारण सांगू? काळा पाषाण परवडत नाही आणि हातही तेवढा चालत नाही. जांभा दारात आहे, चिरेखाणीवर तुटके चिरे (जांभ्याचे कापलेले ठोकळे) फुकटसुद्धा मिळतात. शिवाय खाणीतून नुकताच काढलेला चिरा ओला आणि मऊ असतो, टाकी, म्हणजे छिन्नी, सहज चालते, मग हवा-ऊन लागलं की घट्ट होत जातो, म्हणून मोठं काम मी पहिल्या काही दिवसांतच उरकते.

सुरुवातीला मात्र मी मूर्खासारखा खंड्या करायला घेतला. फोटो मीच काढलेला, खाडीवरच्या तारेवर बसलेला, अगदी शार्प, चोचीचं टोकसुद्धा दिसतंय असा, आणि तोच फोटो समोर ठेवून मी चोच कोरत बसले. तीनदा तुटली. जांभ्यात मुळात भोकंच भोकं, बारीक टोक त्यात टिकणार कसं. खाणीवरचे एक आजोबा बघून हसले, म्हणाले, "ह्येच्यात चोच खंयसून येतली गो!" त्यानंतर फोटोवरून शिल्प करणं मी बंदच केलं. फोटोत पक्ष्याची एकच बाजू असते, मागची आपण मनाने रचतो आणि ती हमखास खोटी येते. आता मातीचा गोळा डब्यात घेऊन खाडीवरच जाते, कुर्ली दगडाखाली पाय आखडून बसलेली दिसली तेव्हा कळलं की हे जांभ्याला चालेल, पाय सुटे काढायलाच नकोत, सगळं दगडातच दाबून ठेवायचं.

सासवण्याला, म्हणजे अलिबागजवळ, शिल्पकार नानासाहेब करमरकरांचं संग्रहालय आहे, तिथली सिमेंटची म्हैस एकदा जाऊन बघाच. सिमेंट म्हणजे तरी कुठे मानाचं मटेरियल, पण ती म्हैस आत्ता उठेल असं वाटतं. आणि जांभ्यात कोण कोरतं म्हणाल तर आपल्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवर, कुणीतरी हजारो वर्षांपूर्वी कोरून ठेवलंयच की! पुढचा प्रश्न त्याचाच आहे.

कशेळीच्या कातळशिल्पांचे फोटो काढले, पण सगळे सपाट आले. हत्ती दिसतच नाही. मोबाईल बदलू का? (एक शिक्षक, राजापूर)

सर, मोबाईल नका बदलू, वेळ बदला. तुम्ही दुपारी गेला असणार. डोक्यावर ऊन असलं की खाचेत सावली पडत नाही, आणि सावली नाही तर रेघ नाही. सकाळी ऊन सड्यावर आडवं येतं तेव्हा जा किंवा मावळायच्या आधीचा अर्धा-पाऊण तास गाठा, तीच खाच शाईने काढल्यासारखी उठून दिसते. शिल्प करतानाही मी हेच करते, रात्री दिवे घालवून टॉर्च बाजूला जमिनीलगत धरते आणि पृष्ठभाग कुठे फुगलाय कुठे खचलाय ते बघते. फोटोग्राफी मला शिल्पाच्या कामी आली ती एवढीच, पण ही एवढी गोष्ट फार मोठी आहे.

कशेळीचा हत्ती साधारण 18 मीटर लांब आहे, उभं राहून एका फ्रेममध्ये तो मावणारच नाही. ड्रोन नसेल तर हट्ट सोडा, त्याच्या पोटात बाकीचे प्राणी कोरलेत त्यातला एकेक निवांत टिपा. दिवाळीनंतर गवत वाळलं की जास्त दिसतं. आणि हात जोडून सांगते, फोटो उठावदार यावा म्हणून खाचेत खडू-रांगोळी भरू नका, चपला घालून त्यावर फिरू नका. 2022 मध्ये ही कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली तरी लोक अजून त्यावर गाडी वळवतात, बघून रक्त आटतं.

पावसाळ्यात लेन्सला बुरशी येते. काय करू? (मालवण)

कॅमेऱ्याची कापडी बॅग हीच बुरशीची खोली. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, आत सिलिका जेल टाका आणि एक छोटा हायग्रोमीटर, म्हणजे हवेतला ओलावा मोजायचं यंत्र, ओलावा 40 ते 50 टक्क्यांच्या मध्ये ठेवा. जेलचा रंग बदलला की तापवून परत वापरा. समुद्रावरून आलात की खारा थर आधी ओलसर मऊ फडक्याने पुसा, कोरड्याने घासलात तर चरे पडतील.

मुलाला शिल्पकलाच करायची आहे. पोट भरेल का? (एक आई, कणकवली)

काकू, माझं अजून पूर्ण भरत नाही. गणपतीच्या आधी तीन महिने मी गावातल्या चित्रशाळेत असते, डोळ्यांची आखणी करते, त्यावर बराचसा गाडा चालतो. मध्ये एका रिसॉर्टने कोळीण करून घेतली, मग म्हणे चकचकीत सोनेरी रंग मारून द्या, मी नाही म्हटलं, अर्धे पैसे आजपर्यंत आले नाहीत. अॅडव्हान्स जास्त घ्यायचा एवढं त्यातून शिकले. मुलाला चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा देऊ द्या, बारावीनंतर सीईटी ही प्रवेश परीक्षा देऊन बीएफएला, म्हणजे कलेच्या पदवीला, जाता येतं, सावर्ड्यालाही आर्ट कॉलेज आहे, सगळ्यांनी मुंबईच गाठायला पाहिजे असं नाही. करमरकरांनी लहानपणी गावातल्या देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराज काढले, ते कलेक्टर ऑटो रॉथफील्डने बघितलं आणि त्यांना मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टला पाठवलं. आता भिंतीवर काढलं तर आधी भिंत पुसून घेतील, तेव्हा कलेक्टरची वाट न बघता थोडे पैसे बाजूला टाका.

मी सातवीत आहे. वेळासला कासवाची पिल्लं बघितली. फ्लॅश मारून फोटो काढला तर चालतो का? आणि मी मातीचं कासव केलं ते तडकलं. (दापोली)

फ्लॅश अजिबात नको रे. पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात, तू चमकवलंस तर समुद्राऐवजी तुझ्याकडे वळतील. दोरीच्या मागे बसून काढ, फोटो थोडा अंधारा आला तर येऊ दे.

कासव तडकलं कारण पाठ जाड आणि पाय पातळ, पाय आधी वाळून आकसले आणि सांध्यावर चीर गेली, हो ना? पुढच्या वेळी पाठ खालून चमच्याने पोकळ कर, सगळीकडे बोटाएवढी जाडी ठेव, पाय लावताना दोन्हीकडे ओरखडे काढून मातीचा पातळ रस्सा लाव, आणि उन्हात नको, सावलीत ओलं फडकं टाकून हळूहळू वाळव. तडकलेलं टाकू नकोस, भट्टीत भाजलेलं नसेल तर बादलीत भिजत घाल, दोन दिवसांत परत लोण्यासारखी माती होते. नवीन कासवाचा फोटो पाठव, पण खिडकीशेजारी ठेवून काढ, बाजूने उजेड येईल असा.