लिनक्सवर रिझोल्यूशन १०२४×७६८ वरच अडकलंय?

घाबरू नका, हे बहुतेकदा सुटतं. आधी केबल बघा. मॉनिटर स्वतःची माहिती, म्हणजे त्याला कोणती रिझोल्यूशन चालतात वगैरे, त्याच केबलमधून पाठवतो. ती पोचली नाही, की लिनक्स सावधपणे कमी रिझोल्यूशनवर थांबतं. मध्ये अडॅप्टर असेल तर काढून थेट जोडा.

मग ड्रायव्हर. सेटिंग्जमधल्या सिस्टिमच्या माहितीत ग्राफिक्ससमोर 'एलएलव्हीएमपाइप' (llvmpipe, म्हणजे कार्डाऐवजी प्रोसेसरच चित्र काढतोय) दिसलं, तर ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर चालूच नाही. तो आधी बसवा, रीस्टार्ट करा.

नवीन मंडळी हमखास करतात त्या चुका:

- ड्रायव्हर न तपासताच इंटरनेटवरच्या कमांड चिकटवणं. एक्सरँडआर, मोडलाइन वगैरे हाताने रिझोल्यूशन ठरवायचे उपाय सध्या बाजूलाच ठेवा.
- अक्षरं बारीक दिसतात म्हणून रिझोल्यूशन उतरवणं. नका करू, सगळं धूसर होतं! रिझोल्यूशन मॉनिटरचं मूळचंच ठेवा, स्केलिंग (अक्षरं-चिन्हं मोठी दाखवायची सेटिंग) वाढवा.

तरीही अडलं, तर कार्डाचं मॉडेल आणि डिस्ट्रोची (उबंटू, फेडोरा असा लिनक्सचा जो प्रकार वापरता त्याची) आवृत्ती कळवा.