असईच्या रणभूमीवर मेटल डिटेक्टर फिरवायचा आहे. कोणता घ्यावा, आणि सापडलेलं स्वतःकडे ठेवता येतं का?

डिटेक्टरचं आधी उरकतो. आपल्याकडची काळी माती बसाल्टची, तिच्यात लोहाचे कण भरपूर. स्वस्तातलं यंत्र पावलापावलाला ओरडतं. ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीतल्या लोहाकडे दुर्लक्ष करायला लावणारी जुळणी, हाताने लावता येईल असंच यंत्र घ्या. रब्बी निघून नांगरट झाली की जा, आणि शेतमालकाला विचारून जा.

ठेवता येतं का, यावर मात्र बोलावंच लागेल. आमचं वावर केळना आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात आहे. 23 सप्टेंबर 1803 ला इंग्रजांचा सेनापती वेलस्ली शिंद्यांच्या फौजेशी लढायला केळना ओलांडून याच पट्ट्यात शिरला. वाटाडे म्हणत होते इथे नदी पायी ओलांडायला उतार नाही. त्याने पिंपळगाव आणि वरूड ही गावं दोन काठांवर समोरासमोर पाहिली आणि ताडलं की मधे उतार असणारच. त्या दिवशी त्याची 1,584 माणसं मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून पळाले नाहीत, तोफांपाशीच कापले गेले. हे सगळं आमच्या बांधाच्या आसपास घडलं.

आबा नांगर हाकायचे तेव्हा शिशाच्या गोळ्या वर यायच्या. ते त्या देवळीत ठेवायचे, आणि प्रत्येक कुठली ते त्यांना पाठ. "ही बाभळीखालची, ही ओढ्याच्या वळणावरची." मी एक अंगठ्याने पुसली होती. वर चुन्यासारखा पांढरा थर, एक बाजू गोल आणि दुसरी पार चेपलेली. चेपलेली म्हणजे कशावर तरी आदळलेली. अख्खी गोल असेल तर बहुधा बार भरताना कुणाच्या तरी हातून पडलेली. म्हणजे गोल जिथे सापडतात तिथे शिपाई उभे होते, चेपलेल्या जिथे सापडतात तिथे मारा होत होता. गोळीची किंमत तिच्या जागेत आहे.

आबा गेले आणि पुढच्या उन्हाळ्यात चुलतभाऊ डिटेक्टर घेऊन आला. चार रविवार आम्ही दोघं राबलो. त्रेचाळीस गोळ्या निघाल्या. मी म्हणालो, दादा, प्रत्येक खड्ड्यापाशी खुंटी ठोकू, फोनवर जागा टिपू. तो म्हणाला, वेळ जातो. सगळ्या एका बरणीत, आबांच्या देवळीतल्यासुद्धा त्याच बरणीत! ओढ्याची कुठली आणि बाभळीची कुठली, आता देवालाही सांगता येणार नाही. वर त्याने तीस गोळ्या कुणा हौशी माणसाला विकल्या. "शेत आपलं, गोळ्या आपल्या," एवढंच त्याचं म्हणणं.

तर तसं नसतं. 1878 चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. काय सापडलं, कुठे, कधी, सगळं. लपवलं तर वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते आणि 1972 च्या कायद्याप्रमाणे तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. संरक्षित जागेत तर विनापरवाना कुदळ मारायचीच नाही.

अमेरिकेत लिटल बिगहॉर्नच्या जुन्या रणभूमीवर 1983 मध्ये गवत जळालं आणि 1984 मध्ये रीतसर डिटेक्टर लावले. प्रत्येक वस्तूपाशी झेंडी, प्रत्येकीची नोंद. काडतुसांवरच्या ठशांवरून एकच बंदूक मैदानात कुठून कुठे गेली तेसुद्धा काढलं त्यांनी. यंत्र तेच, दादा, फक्त त्यांनी खुंट्या ठोकल्या. आमच्या वावरात तेवढंच करायचं होतं.

दोन गोष्टी राहिल्या. शिसं हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नका. आणि लोखंडी गोळा पोकळ वाटला, त्याला भोक दिसलं, तर तो तिथेच सोडा आणि पोलिसांना कळवा. आत दारू असू शकते.

आणि दादा, हे वाचत असशील तर बरणीत उरलेल्या विकू नकोस. मी चैत्रात येतोय. वावरात उभं राहून जेवढ्यांची जागा आठवते तेवढी लिहून काढू, आणि मग दोघं मिळून जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊ.